बागेतला जुना लाकडी वॉकवे: दुरुस्त करायचा, बदलायचा की काढून टाकायचा, हे ठरवायचं कसं

तळ्याच्या काठानं जाणारा लाकडी वॉकवे नवा असतो तेव्हा सगळ्यांचा लाडका असतो. सकाळचं फिरणं तिथंच, लग्नाआधीचे फोटो तिथंच, पोरं तिथंच पळणार. दहा-बारा पावसाळे झाले की एक फळी हलायला लागते, मग तिच्या शेजारची, मग कोणतरी दोरी बांधतं आणि ती दोरी वर्षभर तशीच राहते. तिथनं पुढं बागेत दोनच मतं ऐकू येतात. एकजण म्हणतो सगळं उपटा आणि काँक्रीट ओता, दुसरा म्हणतो चार फळ्या बदलल्या की झालं की ओ. आणि दोघांनीही खाली वाकून बघितलेलं नसतं.

माझं घर सुतारकामाचं, त्यामुळं लाकडाची बाजू मी जरा लांबण लावून सांगणार आहे. कागदाची बाजू पण सांगतो, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या आपल्या पट्ट्यात पुष्कळ चांगली कामं कागद कुठल्या भाषेत द्यायचा इथंच अडून बसतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, लाकूड की सिमेंट हा नंतरचा प्रश्न आहे. आधी हे ठरवा की दरवर्षी ह्याच्याकडं बघणार कोण आणि त्याचे पैसे कुठल्या बजेटमधनं येणार, कारण त्याच्यावरनंच कुठलं मटेरियल आपल्याला परवडतं ते कळतं. हे न ठरवता घातलेलं भारीतलं सागवान पण सडतं आणि सिमेंटचा कठडा पण फुटतो.

मालक कोण ते आधी शोधा

ऐकायला सोपं वाटतं पण इथंच महिने जातात. एकाच शहरात एक बाग महापालिकेची, दुसरी बुडाची म्हणजे नगरविकास प्राधिकरणाची, तिसरी कॅन्टोन्मेंटची, कुठं फलोत्पादन खातं, कुठं वन खातं, आणि तळं असेल तर पाण्याचा मालक आणखी वेगळा. त्यात बेळगाव २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांच्या यादीत आलं, तेव्हापासनं बांधणारा एक आणि सांभाळणारा दुसरा असं होण्याची शक्यता वाढली. म्हणून पहिला कागद शोधायचा तो हस्तांतराचा. काम पूर्ण झाल्यावर ते कुणी कुणाच्या ताब्यात दिलं, कुठल्या तारखेला, आणि देखभाल किती वर्षं ठेकेदाराकडं होती. हा कागद निघाला की अर्धं भांडण तिथंच मिटतं.

तोंडी विचारून कागद मिळत नसेल तर माहिती अधिकार वापरा. फी १० रुपये, उत्तराला ३० दिवस. कर्नाटकातल्या नियमाप्रमाणं अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून सगळी तक्रार एकाच अर्जात कोंबू नका. एक अर्ज मूळ एस्टिमेट आणि ड्रॉइंगसाठी, दुसरा हस्तांतर आणि देखभालीच्या खर्चासाठी. पुष्कळ लोकांना माहीत नसतं पण ह्याच कायद्यात झालेलं काम स्वतः जाऊन तपासायचा आणि मालाचा प्रमाणित नमुना मागायचा पण हक्क आहे. वॉकवेच्या बाबतीत हा हक्क फार कामाचा, फळीचा तुकडा रीतसर मागून घेता येतो.

आता भाषेचं. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणं तक्रारीचं निवेदन देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याला देता येतं, म्हणजे मराठीत लिहिलेलं निवेदन "घेत नाही" असं म्हणता येत नाही. पण माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा, तिथं कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच लिहिलंय, त्यामुळं तो कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत द्या. माझा सल्ला असा की निवेदन मराठीतच लिहा, हक्क आहे तो सोडायचा नाही, आणि सोबत कन्नड प्रत जोडा. कारण टेबलावरच्या क्लार्कला ती फाइल पुढं सरकवायची असते आणि त्याला वाचता आली तरच तो सरकवणार. गल्लीत कन्नड शिकलेली पोरं भरपूर आहेत, तासाभराचं काम. पोचपावती मात्र दोन्ही प्रतींवर घ्या, शिक्का आणि आवक नंबरसकट.

खाली वाकून बघायची पद्धत

हे काम दोन वेळा करायचं, एकदा वळवाच्या आधी मार्च-एप्रिलमध्ये आणि एकदा पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला. उन्हाळ्यात लाकूड सुकून चिरा उघड्या पडतात, पावसानंतर ओल कुठं धरून बसलीय ते कळतं. बागेच्या सुपरिंटेंडंटला आधी पत्र द्या, तिघंचौघं मिळून जा, एखादा जुना सुतार बरोबर घ्या. तळ्याकाठी फळ्यांच्या खाली सापाची जागा असते, काठी आपटल्याशिवाय हात घालू नका. सामान फार लागत नाही, जाड स्क्रूड्रायव्हर, हातोडी, टॉर्च, टेप आणि तीन रंगांचे खडू.

सगळ्यात आधी गाळे मोजा. खांबाच्या एका जोडीपासनं पुढच्या जोडीपर्यंत एक गाळा. प्रत्येक गाळ्याला नंबर द्या, खडूनं लिहा, फोटो काढा. "पूल खराब झालाय" असं लिहिलेल्या अर्जाला उत्तर येतं "पाहणी करण्यात येईल", पण "गाळा नंबर ७, डाव्या बाजूचा खांब जमिनीलगत कुजलेला, फोटो जोडला आहे" असं लिहिलं की इंजिनियरला जागेवर यावंच लागतं.

तपासणी खालनं वर करायची, म्हणजे आधी खांब, मग त्याच्यावरची आडवी तुळई, मग वासे, मग फळ्या, शेवटी कठडा. आपली सवय उलटी असते, फळ्या डोळ्यासमोर असतात म्हणून तिथनं सुरू करतो आणि तिथंच संपवतो.

खांब सडतो तो जमिनीलगत किंवा पाण्याच्या पातळीला. लाकडाची बुरशी जगायला ओल आणि हवा दोन्ही लागतात, लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली असली की तिला वाढता येत नाही. खांबाच्या वरच्या भागात ओल टिकत नाही, खोल चिखलात हवा पोचत नाही, मधल्या वीतभर पट्ट्यात दोन्ही मिळतात, म्हणून खांब तिथंच खाल्ला जातो. खांबाच्या बुडाची माती वीतभर उकरा आणि स्क्रूड्रायव्हर तिरका खुपसून लाकडाचा छोटा तुकडा उचकटा. चांगलं लाकूड असेल तर टोक दोन-तीन मिलिमीटरच्या पुढं जायला कुरकुर करतं आणि कपचा निघाला तर लांब, धाग्याधाग्याचा, "तड" असा आवाज करत निघतो. कुजलेलं असेल तर टोक सहज आत जातं, आवाज नाही, आणि तुकडा आखूड, आडवा मोडून हातात येतो, बोटानं चुरला तर भुगा होतो. हा फरक एकदा हाताला कळला की परत विसरत नाही, आणि ह्याला कुठलं मशीन लागत नाही. मग हातोडीनं खालपासनं वर ठोकत जा, भरीव लाकूड टणटण बोलतं, आतनं पोकळ झालेलं भद्द आवाज देतं. बाहेरनं रंग मारलेला धडधाकट खांब आतनं पोकळ असू शकतो, म्हणून नुसत्या फोटोवर भरवसा ठेवू नका.

वासे बघताना फसायला होतं. खालनं टॉर्च मारला तर वासा स्वच्छ दिसतो, पण फळीचा खिळा जिथनं आत जातो त्या भोकातनं पाणी वरनं मुरतं, म्हणून वासा वरच्या पाठीवर सडतो आणि ती पाठ फळीखाली झाकलेली. दोन फळ्यांच्या फटीतनं स्क्रूड्रायव्हर घालून वाशाची पाठ टोचून बघा. फटीत पानं आणि माती गच्च बसली असेल तर तिथं हमखास ओल. फट साधारण ५-६ मिलिमीटर हवी, पाणी खाली पडलं पाहिजे आणि व्हीलचेअरचं चाक अडकलं नाही पाहिजे.

फळ्यांचं सांगायचं तर राखाडी रंग म्हणजे सडणं नव्हे. उन्हानं वरची साल राखाडी होते, खाली रंधा मारला तर सागवान परत सोन्यासारखं निघतं. हिरवं शेवाळ पण मजबुतीला धोका नाही, पाय घसरायला मात्र धोका आहे, ताठ ब्रशनं घासून काढा. खरी खराबी फळीच्या दोन टोकांना आणि स्क्रूच्या भोकाभोवती असते. वाळवीच्या मातीच्या नळ्या खांबावर चढलेल्या दिसल्या तर त्या मोडून आठवड्यानं परत बघा, परत बांधल्या असतील तर वाळवी जिवंत आहे.

लोखंडाकडं कोण बघत नाही आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. सागवानात साधा लोखंडी खिळा मारला की भोवती काळा डाग धरतो, खिळा आतल्या आत बारीक होत जातो आणि एक दिवस फळी नुसती ठेवलेली असते. नट-बोल्टचं डोकं जाड दिसलं तरी मधला दांडा खाल्लेला असू शकतो, एखादा बोल्ट इंजिनियरसमोर काढून बघायला लावा. कठड्याला दोन्ही हातांनी धरून हलवा, कंबरेच्या वर म्हणजे किमान मीटरभर उंच हवा, आणि दोन उभ्या रिपांत लहान पोराचं डोकं जाईल एवढी फट नको, १० सेंटीमीटरच्या आत ठेवलेलं बरं.

प्रत्येक गाळ्यावर खडूनं खूण करा, हिरवी म्हणजे चांगलं, पिवळी म्हणजे दुरुस्त होणारं, लाल म्हणजे पाय ठेवू नका. लाल खुणा नुसत्या फळ्यांवर असतील तर दुरुस्तीच करायची, त्यात चर्चेला काही नाही. लाल खुणा दर तीन खांबांतल्या एकावर असतील तर दुरुस्तीचा विषय सोडा, तो वॉकवे संपलाय. मधल्या परिस्थितीत स्ट्रक्चरल इंजिनियरची लेखी सही घ्या. बेळगावात गोगटे इन्स्टिट्यूट आहे, केएलईचं शेषगिरी कॉलेज आहे, व्हीटीयू हे तंत्रज्ञान विद्यापीठ तर जवळ मच्छ्यालाच आहे, सिव्हिलच्या विद्यार्थ्यांना असा प्रोजेक्ट द्या म्हणून महापालिकेनं पत्र दिलं तर कमी खर्चात तपासणी होऊ शकते. सही मात्र अनुभवी इंजिनियरचीच पाहिजे.

लाल खूण आली की बंद म्हणजे बंद

इथं मला कुणाचंही "बघू की, चालतंय" ऐकायचं नाही. मोरबीचा झुलता पूल दुरुस्त करून २०२२ च्या २६ ऑक्टोबरला उघडला आणि ३० ऑक्टोबरला पडला, १३५ माणसं गेली. सरकारी वकिलांनी कोर्टात सांगितलं की वरची फरशी बदलली होती, जुनी केबल बदललीच नव्हती, आणि नव्या फरशीचं वजन तिला पेललं नाही. वरचं चकाचक आणि खालचं जुनं, आपल्या बागेतल्या दुरुस्तीचा धोका पण नेमका हाच. पुण्याजवळ कुंडमळ्याला १५ जून २०२५ ला रविवारच्या गर्दीत इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडून ४ जण गेले, तिथं धोक्याचा बोर्ड होता. बोर्ड लावणं आणि बंद करणं ह्यात माणसाच्या जिवाएवढं अंतर आहे. बंद करायचं तर दोन्ही टोकांच्या पहिल्या दोन-दोन फळ्या काढून घ्या आणि जाळी लावा, दोरीला कोण जुमानत नाही. मराठी आणि कन्नड दोन्हीत कारण लिहा, आणि पर्यायी वाट कुठनं ते बाणानं दाखवा, नाहीतर सकाळचे फिरणारे जाळी वाकवून जातातच.

गर्दीचं वजन पण समजून घ्या. पादचारी पुलांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात साधारण ४०० किलो प्रति चौरस मीटर वजन धरतात, जत्रा-यात्रेची गर्दी होणाऱ्या गावाजवळ ५०० किलो. ६० मीटर लांब आणि २ मीटर रुंद वॉकवे असेल तर १२० चौरस मीटर, म्हणजे ४८ ते ६० टन. रोज सकाळी वीस माणसं चालतात त्या वॉकवेवर विसर्जनाच्या रात्री किंवा शिवजयंतीचे चित्ररथ बघायला आलेली गर्दी चढली तर काय, हा प्रश्न इंजिनियरला तोंडी नको, पत्रात विचारा. एका वेळी किती माणसं चालतील हा आकडा रिपोर्टमध्ये यायलाच पाहिजे.

हा वॉकवे तिथं होता कशाला

दुरुस्तीचं एस्टिमेट मागायच्या आधी पावसात एकदा जाऊन बघा. खाली खरंच पाणी आणि चिखल असतो का? आपल्याकडं मृगापासनं गणपतीपर्यंत जमीन ओलीच असते, पण ओली वेगळी आणि पाण्याखाली वेगळी. कोरड्या घट्ट जमिनीवर नुसतं चांगलं दिसतं म्हणून केलेला वॉकवे असेल तर मी स्पष्ट म्हणेन, काढून टाका आणि तिथं जांभ्या दगडाची कड लावून मुरमाची दाबलेली पायवाट करा. जांभा आपल्या खानापूर पट्ट्यातला, मुरूम जवळचा, पाणी मुरतं, गवंडी गावातला. पण खाली दलदल असेल, पाणपक्षी असतील किंवा मोठ्या झाडांची मुळं पसरलेली असतील तर वॉकवे उचललेलाच पाहिजे, कारण तिथं भर टाकली की तळ्याचा काठ मरतो आणि पाया खणला की मुळं तुटतात. झाड तोडायचं म्हटलं तर कर्नाटकच्या १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणं वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, मुळं तोडायला मात्र ठेकेदार कुणाला विचारत नाही, म्हणून टेंडरच्या आधीच मुळांचा नकाशा काढून घ्या.

वापरणारे कोण हे पण मोजा. एक रविवार आणि एक मधला वार, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, तासभर बसून. सकाळचे आजोबा सभेला येतात आणि बोलतात, दुपारी डबा खायला बसणाऱ्या कामवाल्या मावश्या, शाळेची पोरं, व्हीलचेअरवाले सभेला येत नाहीत, म्हणून त्यांच्याकडं आपण जायचं. व्हीलचेअरसाठी चढ १ ला १२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. पायऱ्या असलेला वॉकवे नव्यानं करायचा तर पायऱ्या पहिल्या घालवा, २०१६ चा दिव्यांग कायदा त्यासाठीच आहे.

पर्याय, आणि त्यांचा खरा हिशोब

दुरुस्ती, तसाच नवा, वेगळ्या मटेरियलचा नवा, किंवा काढून टाकणं, एवढेच पर्याय. काही भाग ठेवून बाकी काढणं हा पण त्यातच आला आणि माझ्या मते बहुतेक जागी तोच बरा. १०० मीटर नीट सांभाळता येत नसेल तर पाण्यावरचे ४० मीटर नीट सांभाळा.

लाकूड घ्यायचं असेल तर जात नावानं लिहा. साग, जांभा (हे झाड, दगड नव्हे), होन्ने म्हणजे बिबळा, ही पावसाला टिकणारी. मत्ती म्हणजे ऐन मजबूत, पण नीट वाळवलं नसेल तर चिरते. आंबा, सिल्व्हर ओक उघड्यावर अजिबात नको. आणि कुठल्याही जातीचा गाभाच हवा, सालीकडचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी वाळवी ते खाते. खानापूर, लोंढा, अळणावर भागातनं लाकूड येणार असेल तर वन खात्याच्या पासाची झेरॉक्स फाइलला लावा.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या. दिसतात छान, रंग लावायला नको, वाळवी नाही. पण उन्हात तापतात, एप्रिलमध्ये लहान पोरं अनवाणी चालणार नाहीत, गरमीनं लांबतात म्हणून टोकाला फट लागते, आणि लाकडापेक्षा लवचिक असल्यानं खालचे वासे जवळजवळ घालावे लागतात. जुन्या वाशांवर नुसत्या ह्या फळ्या ठोकून देणारा ठेकेदार भेटला तर त्याला थांबवा. खांब म्हणून तर डब्ल्यूपीसी चालतच नाही.

काँक्रीट टिकतं, पण वजन बघा. ४० मिलिमीटरची सागाची फळी चौरस मीटरला साधारण २६ किलो, ७५ मिलिमीटरचा काँक्रीट स्लॅब १८० किलो. जुन्या खांबांवर काँक्रीट घालायचा विचार सुद्धा करू नका, नवा पाया लागणार आणि नव्या पायाला खणणं आलं. मधला मार्ग मला आवडतो, पाण्यात आणि मातीत काँक्रीटचे छोटे खांब, त्याच्यावर गॅल्व्हनाइज्ड लोखंडी सांगाडा, आणि वर स्क्रूनं बसवलेल्या लाकडाच्या फळ्या. लाकूड मातीला लागतच नाही, आणि खराब झालेली फळी बागेतला माणूस अर्ध्या तासात बदलतो.

आता पैसे. एस्टिमेट फक्त आजचं नको, २० वर्षांचं मागा. आकडे समजुतीसाठी घेतोय, दर तुमच्या जागेचा काढा. समजा लाकडाची दुरुस्ती ६ लाखांत होते, दरवर्षी ६० हजारांची देखभाल म्हणजे २० वर्षांत १२ लाख, आणि दहाव्या वर्षी ४ लाखांच्या फळ्या, एकूण २२ लाख. काँक्रीट आज १८ लाख, वर्षाला १० हजार म्हणजे २ लाख, एकूण २० लाख. मुरमाची पायवाट ४ लाख, वर्षाला २० हजार, एकूण ८ लाख. म्हणजे "लाकूड स्वस्त" हे आजच्या दिवसापुरतं खरं. आता तोच हिशोब देखभाल शून्य धरून करा. लाकूड पाच-सहा वर्षांत परत बंद पडतं, परत ६ लाख, आणि मधली दोन वर्षं बाग अर्धी बंद. ज्या बागेला कायमचा माळीसुद्धा नाही तिथं लाकडाचा आग्रह मी, सुताराच्या घरातला असून, धरणार नाही. आणि जिथं माळी आहे, सुतार वर्षाच्या कंत्राटावर आहे, बजेटमध्ये देखभालीची वेगळी ओळ आहे, तिथं लाकूड काढून काँक्रीट ओतणं हा त्या तळ्यावर अन्याय आहे.

ती बजेटची ओळ मिळवायची वेळ ठरलेली आहे. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून निवेदन डिसेंबर-जानेवारीच्या आत पोचलं पाहिजे, मार्चमध्ये दिलेला कागद पुढच्या वर्षात जातो. वॉर्डाच्या नगरसेवकाला आणि महापालिका आयुक्तांना दोघांना द्या. कर्नाटकात वॉर्ड कमिटीची तरतूद कायद्यात आहे, तुमच्या वॉर्डात बसत असेल तर विषय तिथं लेखी घ्यायला लावा आणि ठरावाची प्रत मागा.

सभा कशी घ्यायची

मंडळाच्या हॉलमध्ये घ्या, रविवारी सकाळी फिरणं झाल्यावर. मंडळाचं नाव आणि बॅनर मोठं नको, बागेत सगळे येतात, मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे, एका गटाचं काम आहे असं वाटलं की बाकीचे गप्प बसतात आणि नंतर अडवतात. सूत्रसंचालन दोन भाषांत करा. स्लाइड दाखवण्यापेक्षा टेबलावर वस्तू ठेवा. रीतसर मागून घेतलेली एक कुजलेली फळी, एक चांगली, एक डब्ल्यूपीसीचा तुकडा, गंजलेला बोल्ट. लोक हातात घेतात, टोचून बघतात, आणि मग "काँक्रीटच पाहिजे" किंवा "लाकूडच पाहिजे" म्हणून आलेला माणूस खांबांचं काय म्हणून विचारायला लागतो. भिंतीवर गाळ्यांचा नकाशा लावा, लाल-पिवळ्या-हिरव्या खुणांसकट.

मत घेताना आधी "कुठलं मटेरियल" विचारू नका. आधी विचारा वाट इथनं पाहिजे का, मग उचललेली पाहिजे का, मग किती लांब, आणि शेवटी मटेरियल. ह्या क्रमानं गेलं की भांडण बरंच कमी होतं. विरोधात बोललेल्यांची नावं न लिहिता मुद्दे लिहून घ्या, निवेदनाला जोडा, लपवू नका.

टेंडरमध्ये काय लिहून घ्यायचं

कामाचं टेंडर पारदर्शकता कायद्याखाली, म्हणजे कर्नाटकच्या १९९९ च्या केटीपीपी कायद्याखाली निघतं, ते निघाल्यावर बदल करून घेणं अवघड, म्हणून ड्राफ्ट असतानाच सूचना द्या. "चांगल्या प्रतीचं लाकूड" ह्या शब्दांना काही अर्थ नाही. लाकडाची जात, फक्त गाभा, रंधा मारल्यानंतरची जाडी, बसवताना ओल १५-१८ टक्क्यांच्या आत, आणि ही ओल मीटरनं सगळ्यांसमोर मोजायची. खिळे नकोत, स्टेनलेस स्क्रू पाहिजेत, आधी भोक पाडून. फळीची कापलेली टोकं बसवायच्या आधीच सील करायची, कारण पाणी सगळ्यात जास्त टोकातनं शिरतं. जुनं लाकूड कुठं जाणार ते पण लिहा, धड असेल त्याचे बागेतच बाक होतात, आणि केमिकल मारलेलं लाकूड जाळायचं नाही, त्या धुरात आर्सेनिक असू शकतं, हॉटेलच्या भट्टीला तर अजिबात द्यायचं नाही. दोषदायित्वाच्या काळात, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून द्यायचं त्या काळात, किमान दोन पावसाळे आले पाहिजेत, आणि शेवटचं बिल दुसऱ्या पावसाळ्यानंतरच्या तपासणीनंतर. काम चालू असताना झाकलं जाणारं सगळं, पाया, तुळईची टेकण, बोल्ट, झाकायच्या आधी फोटोत आलं पाहिजे, गाळ्याच्या नंबरसकट.

काम झालं की तेच गाळ्यांचे नंबर छोट्या पत्र्याच्या पट्टीवर कठड्याला कायमचे लावून घ्या. एक रजिस्टर बागेच्या ऑफिसात, एक प्रत मंडळात. वर्षातनं दोनदा तीच तपासणी, तेच तीन रंग, खाली तारीख आणि दोघांच्या सह्या, एक महापालिकेचा आणि एक नागरिकांचा. रजिस्टरमध्ये पिवळी नोंद आली की त्याच आठवड्यात निवेदन, मराठीत, सोबत कन्नड प्रत, आणि आवक नंबर रजिस्टरमध्ये त्याच ओळीत लिहायचा.